अंबादासची लाल रेघ

पुण्याच्या एका कंपनीनं अंबादासला फसवलं. त्याच्या कामातली तपासणी त्यांनी काढून टाकली, त्यातून जे वाईट व्हायचं ते झालं, आणि अहवालात दोषी म्हणून नाव लिहिलं अंबादासचं. हे मी ऐकीव सांगत नाही. तपासणी काढायचं ठरलं तेव्हा मी समोर बसलो होतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्या माणसानं हे केलं त्याला इथं नुसतं 'साहेब' म्हणतो. वाचेल तेव्हा त्याचं त्याला कळेल.

मी मूळचा मोहोळचा. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकत विकत सोलापुरात आलो. आज जुळे सोलापुरात दोन खोल्यांत माझं वेबसाइट बनवायचं दुकान आहे. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडी घेत नाही, आणि राग आला की समोर कोण आहे हे बघत नाही. या दोन गोष्टींवर मी इथवर आलो. अंबादासपुढं मात्र दोन्ही चालल्या नाहीत.

तो पहिल्यांदा आला तेव्हा पन्नाशीला टेकला होता. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात रेक्झिनची पिशवी. मला वाटलं विम्याचा एजंट आला. नोकरीसाठी आलोय म्हणाला तेव्हा मी विचारलं, "आधी काय करत होता?"

त्यानं पिशवीतून पुठ्ठ्याचं एक लांबट कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. त्याला ओळीनं भोकं पाडलेली होती.

"हे करत होतो, मालक."

जकार्डच्या मागावर चादरीची नक्षी अशा कार्डांवरून उतरते. जिथं भोक तिथं दोरा वर, जिथं नाही तिथं खाली. एकेका नक्षीला कार्डांची माळच्या माळ लागते. अंबादासचं उभं आयुष्य ती भोकं पाडण्यात आणि पाडलेली तपासण्यात गेलं होतं. पुढं कारखान्यात नक्षीसाठी कॉम्प्युटर आला, तो ते शिकला. कारखाना बंद पडला, तेव्हा मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकांवरून वेबचं काम शिकला. मुलगी लग्न होऊन भिवंडीला गेली, पुस्तकं याच्याकडं राहिली.

मी पगारावर घासाघीस केली. मी म्हटलं त्याला तो हो म्हणाला, त्यामुळं मला काही मजाच आली नाही. मग म्हणाला, "माझी एकच अट आहे. लाल रेघ असताना काम बाहेर जाणार नाही."

मला वाटलं, काहीतरी देवाधर्माचं असेल. म्हटलं, "बरं."

ती रेघ काय असते हे त्यानंच नंतर मला समजावलं. वेबसाइटवरची प्रत्येक चौकट, प्रत्येक यादी, प्रत्येक बटण हा एक सुटा भाग, म्हणजे कंपोनंट, असतो. एकदा नीट बनवला की दहा ठिकाणी बसवता येतो. अंबादास प्रत्येक भागाच्या तोंडाशी लिहून ठेवायचा, की हितं आकडाच येईल, हितं तारीखच येईल, हितं नावच येईल. याला टाइप म्हणतात. मग कुणी त्या भागात भलतंच काही घालायला गेलं, तर वेबसाइट चालायच्या आधीच, कोड लिहिता लिहिताच, त्या ओळीखाली लाल रेघ उमटते. गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर फुटणारी गोष्ट आपल्या टेबलावरच फुटते.

"पण लिहायला वेळ जातो की," मी म्हटलं.

"मागावर चढायच्या आधी वेळ जातो, मालक. चढल्यावर कापड जातं."

हे त्याचं नेहमीचं वाक्य. त्यामागं एक चादर होती. नवा नवा कामाला लागला तेव्हा त्यानं मोराच्या नक्षीची कार्डं केली आणि चोचीच्या कार्डांत काही भोकं राहून गेली. कुणी तपासलं नाही. माग सुरू झाला, आणि एका अख्ख्या गठ्ठ्यातल्या मोरांना चोचच आली नाही. कारखानदारानं त्या चादरी 'परदेशी पक्षी' म्हणून खपवल्या. लोक हसायचे, अंबादास हसायचा नाही. त्यातली एक चादर त्यानं विकत घेतली होती. आमच्याकडं आल्यावर ती घडी करून आपल्या खुर्चीच्या पाठीवर टाकायचा. नवीन माणूस कामाला आला की उलगडून दाखवायचा आणि विचारायचा, "ह्यात काय नाही सांगा." ज्याला सांगता आलं नाही, त्याला पहिला महिनाभर तो कोडाला हात लावू द्यायचा नाही.

त्याचं बोलणंही तसंच असायचं. खालच्या टपरीवर नुसतं "दोन चहा" असं कधी म्हणाला नाही. "दोन अर्धे चहा, एक बिनसाखरेचा, दोन्ही आत्ता," असं सांगायचा. चहावाला ओरडायचा, "मास्तर, लाल रेघ नाही ना आली?" बँकेतली स्लिप असो की रेशनचा अर्ज, आधी मागून पुढून वाचायचा आणि खिडकीतल्या माणसाला विचारायचा, "आणि हे माहीत नसलं तर काय लिहायचं?" मागची रांग चिडायची. मीही एकदा तसाच रांगेत उभा राहून त्याच्यावर खेकसलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "माहीत नसायला जागा पाहिजे की, मालक. नाहीतर माणूस खोटं लिहितो."

दुपारी घरून आईचा फोन यायचा. "वस्तुन्ना अम्मा," म्हणजे येतोय आई, एवढंच तेलुगूत म्हणायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. मग तासाभरानं जेवायला जायचा. तेवढं एक खोटं तो रोज बोलायचा.

मग ते टँकरचं काम आलं. सांगोल्याकडच्या वस्त्यांना उन्हाळ्यात माणसांसाठी आणि जनावरांसाठी पाणी पाठवणारी एक संस्था होती. कुठल्या वस्तीवर किती माणसं, किती जनावरं, हे भरायचं आणि त्यावरून टँकर ठरायचे, अशी वेबसाइट त्यांना हवी होती. काम घेतलं पुण्याच्या कंपनीनं. त्यातले फॉर्म आणि याद्या, म्हणजे डोळ्याला दिसणारे सगळे भाग, त्यांनी आमच्याकडं दिले. मी खूश होतो. अंबादास म्हणाला, "फॉर्म कोण भरणार आणि कुठं, ते बघून येऊ."

मला जायचं नव्हतं. फॉर्म बघायला कुणी सांगोल्याला जातं का? पण गेलो. संस्थेचा एक माणूस आमच्याबरोबर होता. वस्तीवर बायजाबाई नावाची साठीची बाई कळपाची मालकीण होती. संस्थेच्या माणसानं कागद काढला.

"बाई, मेंढरं किती?"

"हायती की."

"अहो, पण किती?"

"हायती तेवढी हायती. मेंढरू मोजून सांगू नये, बाबा. आकडा तोंडातनं भाईर गेला की कळपाला लागतो."

"मग पाणी किती पाठवायचं ते कसं कळणार?"

"टँकर तर येऊ द्या. पितील तेवढं पितील. उरलं तर तुमचं पानी तुमी परत न्या की!"

मी मोठ्यानं हसलो. संस्थेचा माणूस म्हणाला, ह्या बाजूला बऱ्याच वस्त्यांवर असंच आहे, आम्ही रकाना मोकळा सोडतो आणि नंतर अंदाज घेतो. अंबादास हसला नाही. तो बाईंसमोर उकिडवा बसला.

"आक्का, मी हितं असं लिहिलं, की मेंढरं आहेत, पण आकडा सांगितला नाही. चालंल?"

बायजाबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तसं लिवायला जागा हाय व्हय तुज्याकडं?"

"करतो."

परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला. "रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे, मालक."

त्यानं ती जागा केली. जनावरांच्या चौकटीला त्यानं तीनच उत्तरं ठेवली. मेंढरं आहेत आणि आकडा हा; मेंढरं आहेत, आकडा सांगितलेला नाही; मेंढरं नाहीतच. दुसरं उत्तर आलं की टँकर ठरवणाऱ्याच्या स्क्रीनवर पिवळी पट्टी यायची, 'टँकर पाठवा, अंदाज माणूस घेईल'. आणि टाइप असे लिहिले, की या तिन्हींचं काय करायचं हे सांगितल्याशिवाय पुढचा कोड उभाच राहणार नाही. मी आयुष्यात पुष्कळ माल बघितला आहे. इतकं चोख काम माझ्या दुकानातून त्याआधी गेलं नव्हतं, आणि नंतरही गेलं नाही.

आमचे भाग पुण्याला गेले. त्यांच्या बाजूनं सगळीकडं नुसता आकडा धरलेला होता. साहजिकच त्यांच्या स्क्रीनवर लालच लाल झालं. साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. मी आणि अंबादास एका टेबलाशी बसलो होतो.

"काका, तुमचे कंपोनंट आमच्याकडं बसतच नाहीत."

"बसणार नाहीत, साहेब. तुम्ही आकडाच धरलाय. आकडा नसलेलं उत्तर पण घ्या, लगेच बसतील."

"किती दिवस लागतील?"

"चार."

मी मध्ये पडलो. "तीनच करतो, साहेब."

"आज संध्याकाळी संस्थेला डेमो आहे. सोपं आहे हो, तिथं एनी टाका ना."

एनी म्हणजे काहीही. तो शब्द टाकला की कोड त्या जागी काय येतं हे तपासायचं सोडून देतो. आकडा येवो, नाव येवो, दगड येवो.

अंबादास म्हणाला, "एनीनं रेघ जाईल, साहेब. चूक जाणार नाही."

"काका, ही चादर नाही. वेबसाइट आहे. चुकली तर उद्या बदलता येते."

"वेबसाइट उद्या बदलंल. मेंढरू आज पाणी मागतंय."

साहेबांनी अंबादासकडं बघायचं सोडलं आणि माझ्याकडं बघितलं. असल्या वेळी काय बोलायचं हे मला कळतं, असं मला वाटायचं. मी म्हटलं, "आमच्या मूळ कोडाला हात नको. तुमच्या बाजूला तुम्हाला जे करायचं ते करा. पण डेमो झाला की मास्तर म्हणाले ते चार दिवस आम्हाला द्यायचे, ते नीट करायला."

"डन," साहेब म्हणाले.

मला वाटलं मी जिंकलो. जबाबदारी त्यांच्या गळ्यात, दिवस आमच्या पदरात. जुना माउस विकताना चिठ्ठीवर सही घेणारा मी, या बोलण्याचा एक ओळीचाही कागद घेतला नाही. अंबादासनं स्क्रीन पुसली.

ते चार दिवस आलेच नाहीत. डेमो संस्थेला आवडला, आणि जे दाखवलं होतं तेच सुरू झालं. अंबादास रोज विचारायचा, "मालक, पुण्याहून काही?" मी रोज साहेबांना फोन करायचो. ते रोज म्हणायचे, "या आठवड्यात करू." मी तेव्हा भांडायला हवं होतं. भाजीवाल्याशी भांडतो मी, रिक्षावाल्याशी भांडतो. साहेबांशी गोड बोललो, कारण पुढचं काम त्यांच्याकडूनच येणार होतं.

आमचे भाग बसवायला पुण्यानं केलेल्या जोडकामात 'आकडा सांगितलेला नाही' याला कुणीतरी जबरदस्तीनं आकडा करून टाकला होता. त्या उत्तरात आकड्याची चौकट रिकामीच, आणि वेबच्या भाषेला रिकामी चौकट दिली आणि हिचा आकडा दे म्हटलं, तर ती कुरकुर न करता शून्य देते. अंबादासच्या तपासणीनं तिथं रेघ ओढली असती. पण तपासणीला तर गप्प बसवलं होतं. तेव्हा ज्या ज्या वस्तीनं आकडा सांगितला नाही, तिथं स्क्रीनवर दिसलं, मेंढरं शून्य. पिवळी पट्टी नाही, काही नाही. माणसांचा टँकर गेला. जनावरांचा रद्द झाला.

संस्थेच्या माणसाचा फोन आला तेव्हा आम्ही पुन्हा त्या वस्तीवर गेलो. मेंढरांचा हौद कोरडा होता, तळाशी शेवाळ वाळून पापुद्रे सुटले होते. बायजाबाई छपरात बसली होती. अंबादासनं चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन उभा राहिला. मी विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"किती गेली, बाई?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "आता तरी मोजू नगा."

मग ती अंबादासला म्हणाली, "तू तर जागा करतो म्हनला हुतास."

"केली हुती, आक्का."

"मंग कुटं गेली?"

तो उत्तर देऊ शकला असता. उत्तर त्याच्या शेजारीच उभं होतं. पण त्यानं माझ्याकडं मान वळवली नाही. नंतर बाहेर येऊन चपला घालायला त्याला बराच वेळ लागला.

पंधरवड्यानं कंपनीनं संस्थेला अहवाल दिला. त्याची प्रत आम्हालाही आली. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात लिहिलं होतं, सोलापूरहून आलेल्या भागातील त्रुटी. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात अंबादासचं पूर्ण नाव होतं. संस्थेनं कळवलं, या गृहस्थांना आमच्या कुठल्याही कामावर ठेवू नये.

त्यानं कागद मागून पुढून वाचला, बँकेची स्लिप वाचायचा तसा. मग माझ्या टेबलावर ठेवला. मी ओरडलो, आणि ओरडलो तेही त्याच्यावरच. "अहो मास्तर, बोला की काहीतरी! गप्प काय बसलात?"

"मी काय बोलू, मालक? तुम्ही होता की तिथं."

कोडातली कुठली ओळ कुणी बदलली आणि कधी, याची नोंद आपोआप राहते. पुण्याच्या त्या बदलाची नोंद मला माझ्या मशीनवरून दिसत होती. एनी कुणाच्या नावानं पडला, तेही दिसत होतं. मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "शेठ, पुढचं मोठं काम तुमच्याकडं द्यायचं चाललंय. आत्ता हे उकरून कुणाचं भलं होणार?"

मी फोन ठेवला आणि अंबादासला म्हणालो, "जरा थांबू."

त्यानं मान हलवली. हाती घेतलेला एक छोटा भाग अर्धा राहिला होता, तो दोन दिवसांत पुरा केला. एकही लाल रेघ नव्हती. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. पुठ्ठ्याचं कार्ड, दोन पेनं, सगळं घेऊन गेला होता. चादर खुर्चीच्या पाठीवर तशीच होती. विसरायचा माणूस नव्हता तो.

पुढचं मोठं काम आलं नाही. तेव्हा फसलो मीही. पण ते माझं मी बघून घेईन.

वर्षभरानं एका टॉवेलच्या कारखान्याच्या वेबसाइटसाठी मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो होतो. घडी घालायच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलाशी अंबादास उभा होता. टॉवेल उलगडायचा, काठावरून बोट फिरवायचा, उजेडात धरायचा. दोष सापडला की कोपऱ्याला लाल दोरा बांधून तो वेगळा ठेवायचा. डोळे आत गेले होते.

"मास्तर, तुम्ही हितं?"

"या मालक. तपासणीला आहे. हितं कुणी एनी म्हणत नाही."

हसायचं का नाही, मला कळेना. आई कशी आहे विचारलं. गेली, म्हणाला. मग टॉवेलवरची नजर न काढता विचारलं, "तो कागद बदलला का?"

"बघतोय," मी म्हणालो.

त्यानं एका कोपऱ्याला दोरा बांधला, गाठ दातानं आवळली, टॉवेल बाजूला ठेवला आणि पुढचा उचलला. दारातून मी मागं वळून बघितलं, तेव्हा त्यानं तो खिडकीशी दोन्ही हातांनी उंच धरला होता. टॉवेलमागं त्याचं तोंड दिसत नव्हतं. पुढच्या खेपेला गेलो तर टेबलाशी दुसराच माणूस होता. अंबादास भिवंडीला मुलीकडं गेला म्हणाले. नंबर बदललेला होता.

साहेब, अहवाल तुमच्याकडं आहे. बदलाची नोंद माझ्याकडं आहे, आणि तिच्यात कुणाचं नाव आहे हे आपण दोघं जाणतो. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यातून अंबादासचं नाव काढा. काढून रकाना रिकामा ठेवलात तर मी ऐकणार नाही. पहिलं नाव तुमचं लिहा. दुसरं माझं लिहा, त्यात मी घासाघीस करणार नाही. मग तो कागद घेऊन सांगोल्याच्या त्या वस्तीवर चला, चपला बाहेर काढा, आणि बायजाबाईसमोर उभं राहून सांगा, त्यानं तिच्यासाठी केलेली जागा कुठं गेली.